बकिंगहॅम राजवाडा : मूळ संहिता आणि प्रक्षेप

लंडनास जाऊन आलेला आमचा मराठी प्रवासी बकिंगहॅम राजवाड्याचें वर्णन करूं लागला कीं ‘पुरातन’ हें विशेषण त्याच्या लेखणीच्या टोंकावर असतेंच. अलीकडे आमच्या वाचनांत आलेल्या प्रवासलेखांत तें इतक्या वेळां आढळलें कीं एकदां त्याची छाननी करणें प्राप्त झालें.

पोथीचे थर निराळे करावे तसे वास्तूचेहि करितां येतात. येथील मूळ संहिता म्हणजे बकिंगहॅमच्या ड्यूकानें १७०३ सालीं बांधविलेलें घर. तिसऱ्या जॉर्जनें तें १७६१ सालीं राणी शार्लटसाठीं विकत घेतलें. पण दरबार सेंट जेम्सच्या राजवाड्यांतच भरत असे. पुढें चवथ्या जॉर्जच्या हौसेखातर जॉन नॅश यानें त्यावर विस्तृत भाष्य रचलें. भाष्य डौलदार, परंतु खर्च आवरेना. राजा १८३० सालीं निवर्तला, नॅशला दूर करण्यांत आलें व उरलेलें काम एडवर्ड ब्लोर याजकडे गेलें. तेथें वास्तव्यास आलेली पहिली राज्यकर्ती राणी व्हिक्टोरिया, वर्ष १८३७.

नॅशच्या रचनेंत तीन बाजूंस इमारत, पुढें खुलें अंगण व त्यापुढें संगमरवरी कमान होती. राणीचा परिवार वाढला, तेव्हां ब्लोरनें १८४७ पासून चवथी बाजू उभारून अंगण मिटविलें. या खर्चासाठीं ब्रायटनचा राजवाडा विकावा लागला आणि कमान १८५१ सालीं हाइड पार्कच्या कोपऱ्याशीं गेली. ब्लोरचा दगड मऊ. लंडनच्या काजळीनें तो झिजला. म्हणून १९१३ सालीं ॲस्टन वेब यानें त्यावर पोर्टलंडच्या दगडाचें आवरण चढविलें, तेंहि अवघ्या तेरा आठवड्यांत! म्हणजे ज्या दर्शनी भिंतीकडे बोट दाखवून आमचे लेखक ‘पुरातन’ म्हणतात, ती उघडउघड उत्तरकालीन प्रक्षेप होय. पुरातनाचीच हौस असल्यास विंडसरचा किल्ला गांठावा. त्याचा आरंभ अकराव्या शतकांतला आहे.

मग या वाड्यांत पाहण्याजोगें कांहीं नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहानें आम्ही तेथें गेलों तेव्हां नाखुषीनेंच गेलों, हें कबूल केलें पाहिजे. विंडसरला १९९२ सालीं आग लागली. त्या दुरुस्तीस पैसा उभा करावा म्हणून १९९३ पासून येथील दरबारी दालनें उन्हाळ्यांत तिकीट लावून दाखविण्यांत येऊं लागलीं. रेम्ब्रांट, रूबेन्स यांचीं चित्रें तेथें आहेतच. परंतु आमचें पाऊल अडलें तें नृत्यशाळेंत. व्हिक्टोरियाच्या काळीं बांधलेल्या या दालनांत आजहि मानचिन्हें दिलीं जातात व परदेशच्या राष्ट्रप्रमुखांस मेजवान्या होतात. प्रेक्षक गेले कीं दालन पुनः कामास लागतें. कोणी वापरीत नाहीं अशा वाड्याची मूळ संहिता शाबूत राहते. नांदत्या वाड्यावर प्रत्येक पिढी कांहीं तरी लिहून जाते. २०१७ सालीं येथील जुन्या तारा व नळ बदलण्याचें दहा वर्षांचें काम हातीं घेण्यांत आलें. त्याचा अंदाजच ३६ कोटी ९० लक्ष पौंडांचा. २०२४ सालीं पूर्वेची बाजूहि मोजक्या प्रेक्षकांस प्रथमच खुली झाली.

याविषयीं आमच्या प्रवासलेखांत अक्षर नाहीं. पहारा बदलण्याच्या सोहळ्यास मात्र पानेंच्या पानें दिलेलीं असतात. निदान पुढील आवृत्तींत लेखकांनीं ‘पुरातन’ हा शब्द खोडून तेथें १९१३ हा आंकडा घालावा.