पावसातले तळे आणि उसने दागिने

माझी एक पुतणी इथे कसालला आठवीत शिकते. गेल्या पावसाळ्यात शाळेत तिला निबंध घातला गेला : ‘पावसाळ्यातील एक पायी सहल’. आदल्याच रविवारी ती माझ्याबरोबर धामापूरच्या तळ्यावर जाऊन आली होती, तेव्हा मी निर्धास्त होतो. वही परत आली. ‘हिरवा शालू’, ‘मोत्यांसारखे थेंब’ आणि ‘निसर्गदेवतेचा आरसा’ या तिन्ही ठिकाणी समासात ‘छान’ असा शेरा होता. आणि ‘चढावर माझी चप्पल चिखलात राहिली, ती काढताना काकांची छत्री उलटी झाली’ हे वाक्य लाल शाईने खोडून बाजूला लिहिले होते : ‘अनावश्यक’.

मी विचारले, “शालू कुठे पाहिलास गं?”

ती म्हणाली, “काका, तो लिहावाच लागतो.”

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण जे छापतो तेच ते वाचतात. दिवाळी अंकांतली प्रवासवर्णने मी बरीच वर्षे नेमाने वाचत आलो आहे. डोंगरातल्या तळ्याकडे पावसात निघालेला लेखक त्यांत वारंवार भेटतो. प्रथम ढग उतरतात, मग धुके दाटते, मग एका वळणावर अचानक तळे सामोरे येते, आणि लेखक निःशब्द होतो. पुढची दोन पाने या निःशब्दतेवर असतात! वाटेत त्याला भूक लागत नाही, पाय घसरत नाही, रस्ता विचारावा लागत नाही. म्हणजे तो तिथे पायांनी गेलेलाच नसतो. विशेषणे घरून बांधून नेलेली, ती तळ्याकाठी सोडून तो परत येतो.

वाचकहो, धामापूरची वाट काही हिमालयातली नव्हे. कसालहून मालवणच्या एस्टीने चौक्यापर्यंत जावे, पुढे पायी. टेकड्या बेताच्या, हल्लीचे गिर्यारोहक हसतील. पण आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या घरातला, आणि जांभ्या दगडावर शेवाळ धरले की बेताची टेकडीही माणसाची परीक्षा पाहते. गडग्याला हात लावत, व्हाळाचे पाणी चुकवत आम्ही चाललो होतो. दोन्ही अंगांना खाचरांत लावणी चालली होती. तळ्यापाशी पोचलो तेव्हा मीही, खोटे कशाला बोलू, निःशब्द होण्याच्या तयारीत होतो. एक वयस्क शेतकरी इरले सावरत बांधावरून येत होते. ते थांबले आणि म्हणाले, “तळ्यात काय बघतास? बांध बघा. तो नाय तर तळा खंयचा?”

साऱ्या वर्णनांत नेमके हेच राहून जाते. हे तळे निसर्गाने बहाल केलेले नाही. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली ते बांधविले असे मानले जाते. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविले, आणि ते पाणी शेतीला मिळत आले. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन रचनांत त्याची गणना केली, ती देखाव्यासाठी नव्हे, बांधासाठी. जो लेखक या पाण्याला आरसा म्हणून मोकळा होतो, त्याला बांध दिसत नाही. आणि बांध न दिसणाऱ्याला तो कोणी राखला, पाणी कोणाच्या खाचरात जाते, हे प्रश्नही पडत नाहीत.

असे लिहिणे मराठीला जमत नाही म्हणावे, तर तसेही नाही. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख काढून पाहा. पंढरीच्या वाटेवर त्या पायी चालल्या. पण त्यांची नजर आभाळात अडकली नाही. एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांना दिसले आणि खुपले. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ सालचे ‘ऋतुचक्र’ हे दुसरे उदाहरण. तिथे ‘हिरवे’ म्हणून भागत नाही. कोणते झाड, कोणत्या महिन्यात, पालवी कोणत्या रंगाची, हे बाई पाहून सांगतात. माझी एक तक्रार आहे, ती नोंदवतो : झाडाइतका जवळून माणूस तिथे दिसत नाही. बांधावरच्या त्या गृहस्थांना ‘ऋतुचक्रा’त जागा मिळाली असती की नाही, मला शंका आहे.

काका कालेलकरांची गोष्ट निराळी. त्यांचे आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आले, तेव्हा ते आमच्याच मुलखाचे. हिमालयाचा प्रवास त्यांनी लिहिला मात्र मुळात गुजरातीत. पाण्याला ते हात जोडतात आणि नद्यांना लोकमाता म्हणतात. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण ती भक्ती चालून मिळवलेली आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनी हात जोडणे तेवढे उचलले आणि चालणे सोडून दिले.

धामापूरच्या तळ्याकाठी भगवतीचे देऊळ आहे. तिथली आख्यायिका अशी : लग्नकार्य निघाले की फुलांचे दागिने करून परडीतून पाण्यात सोडायचे, देवी तशाच घडणीचे सोन्याचे दागिने द्यायची, कार्य उरकले की ते परत करायचे. कोणा एकाने परत केले नाहीत आणि देणे बंद झाले. आपल्या वर्णनकारांनी शालू, मोती, आरसा हे दागिने जुन्या कवींकडून असेच कार्यापुरते आणले होते. कार्य कधीच उरकले, दागिने अजून अंगावर आहेत, आणि आता ते आठवीतल्या मुलीच्या अंगावर चढवले जात आहेत.

सहामाही परीक्षेत पुन्हा पावसावरच निबंध आला. पुतणीने शालू नेसवला, मोती घातले. गुण चांगले पडले. मी काही बोललो नाही. घरी मात्र एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिने ती सहल पुन्हा लिहिलेली परवा सापडली. त्यात चप्पल आहे, उलटी झालेली छत्री आहे, इरलेवाले आजोबा आहेत, बांधाची लांबी पावलांनी मोजल्याचा आकडा आहे. तळे शेवटून तिसऱ्या ओळीत येते.