कोठारे भरली, पण नोंदी वाचणार कोण?

प्रथिनाची लांब साखळी पेशीत विशिष्ट आकाराची घडी घालते. अमिनो आम्लांच्या क्रमावरून हा आकार आधीच सांगता येईल का, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक दशके सतावले होते. २०२० साली अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने तो बऱ्याच अंशी सोडवला. त्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौतुक झाले, ते रास्तच. पण ही प्रणाली शिकली कशावरून?

ती शिकली 'प्रोटीन डेटा बँक' या भांडारातील सुमारे १,७०,००० रचनांवरून. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत हे भांडार सुरू झाले, तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. प्रत्येक अणूचे स्थान ठरावीक नमुन्यातच लिहायचे, प्रयोगाची पद्धत आणि अचूकता नोंदवायची, नोंद तपासून मगच स्वीकारायची, ही शिस्त तिथे वर्षानुवर्षे पाळली गेली. यंत्राची हुशारी या शिस्तीच्या पायावर उभी आहे.

हीच शिस्त बाकीच्या जैविक माहितीला लावता येईल का? या दृष्टीने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, धोरण तपासण्याजोगे आहे. ते २०२० मध्ये जाहीर झाले आणि २५ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. अनुदान मागणाऱ्याने आपली माहिती कशी जपणार आणि इतरांना कशी देणार, याचा आराखडा साधारण दोन पानांत अर्जासोबत द्यावा, असे त्यात म्हटले होते. जनतेच्या पैशातून निघालेली माहिती संशोधकाच्या कपाटात पडून राहू नये, हा हेतू चांगला आहे. माहितीच्या निगराणीचा खर्च अनुदानात धरण्याची मुभाही मिळाली.

मात्र खरी अडचण पुढे आहे. माहिती कोणत्या मानकांनुसार लिहिणार, हे संशोधकानेच सांगायचे. सर्वमान्य मानक नसेल तर तसे नमूद करायचे. म्हणजे 'माहिती द्या' एवढे ठामपणे सांगितले, पण 'कशी लिहून द्या' हे मोघमच राहिले. शिवाय आराखड्याच्या गुणवत्तेला अर्जाच्या मूल्यमापनात सहसा गुण नव्हते. विद्यार्थी गुण नसलेला प्रश्न कसा सोडवतात, हे शिक्षकांना सांगायला नको!

नोंदींतील ढिलाई किती महाग पडते, याचे एक उदाहरण पाहू. काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सेप्ट २' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती टंकली की संगणक त्यांना तारखा समजून बदलून टाकी. २०१६ साली केलेल्या पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. जनुकांच्या यादीत तारीख दिसली तर माणूस थबकेल. यंत्र मात्र तिलाही एक नोंद समजून तीवरून शिकत राहील आणि उद्या त्याच आधाराने रुग्णाविषयी अंदाज सांगेल.

यावर एक आक्षेप येतो. सूक्ष्मदर्शकातील चित्र आणि डीएनएचा क्रम यांना एकच साचा कसा लावणार? आक्षेप खरा आहे, पण एकच साचा हवा असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक शाखेने किमान नोंदींची आपापली यादी करावी. डीएनए चिपवरील प्रयोगांसाठी २००१ साली अशी यादी तयार झाली आणि नियतकालिकांनी ती पाळायला लावली. म्हणजे हे अशक्य नाही.

एनआयएचने २०२२ मध्ये 'ब्रिज टू एआय' हा कार्यक्रमही सुरू केला. यंत्राला उपयोगी पडतील असे माहितीसंच मुळातूनच काळजीपूर्वक तयार करायचे, ही कल्पना आम्हाला मोलाची वाटते. पण त्यासाठी योजलेली रक्कम चार वर्षांत मिळून सुमारे १३ कोटी डॉलर होती, तर संस्थेचा २०२३ चा एका वर्षाचा खर्च सुमारे ४,७०० कोटी डॉलर. चार आदर्श वाफे राखायचे आणि उरलेले शेत तसेच सोडायचे, असा हा प्रकार आहे.

आपल्यालाही यातून शिकायचे आहे. भारत सरकारने २०२१ मध्ये जैविक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी 'बायोटेक-प्राइड' ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांचे जनुकक्रम तेथे ठेवले आहेत. अशा केंद्राचे यश साठ्याच्या आकारावर मोजू नये. ज्याने प्रयोग केला नाही, त्याला केवळ नोंदी वाचून तो समजतो का, हे पाहावे.

ही कसोटी वर्गातही लावता येईल. विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या पावसाच्या किंवा रोपांच्या वाढीच्या नोंदवह्या एकमेकांत बदलून द्या. एकक, जागा, वेळ आणि मापनाची पद्धत लिहिलेली नसेल, तर दुसऱ्या गटाला त्या आकड्यांचे काहीच करता येणार नाही. तेव्हा काय लिहायचे राहिले, याची यादी त्या गटाकडूनच करून घ्यावी.