वाडा, मास्तर आणि मारुती कांबळे

निळू फुले म्हटलं की आपली पोरं काय करतात? डोळे बारीक करतात, आवाज घोगरा करतात, 'वाड्यावर या' म्हणतात आणि खिदळतात. वस्तीत, नाक्यावर, आता मोबाइलवरसुद्धा. मीही केलंय. पण मित्रांनो, वाड्यावर बोलावणं कुणाला यायचं? पाटलाच्या लेकीबहिणींना नाही. ते यायचं आपल्या आज्यांना. त्यांना कधी हसू आलं असेल काय?

म्हणून हा नट नीट तपासला पाहिजे. टाळ्याही वाजवू, हिशोबही मागू.

निळूभाऊ पुण्याचे. सैनिकी वैद्यकीय कॉलेजात माळीकाम केलेला माणूस. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झाले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तले झेलेअण्णा म्हणून ते पडद्यावर आले. आता लोकनाट्य म्हणजे कुणाची इस्टेट? तमाशा जगवला महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. शिष्ट मंडळींनी आधी त्याला ओंगळ म्हटलं, मग धुऊनपुसून आपल्या स्टेजवर नेलं. निळूभाऊंचं ते आडवं बोलणं, मधेच थांबून हाणलेला टोला, हे सगळं सोंगाड्याच्या घरचं. समीक्षक त्यांना 'नैसर्गिक अभिनेता' म्हणून मोकळे होतात. निसर्गानं नाही दिलं ते. आपल्या माणसांनी फडात उपाशीपोटी घडवलेलं आहे.

१९७२ साली 'सखाराम बाइंडर' आलं. तेंडुलकरांचं लेखन, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन. सेन्सॉर चिडला, प्रकरण कोर्टात गेलं. सखाराम जन्माने ब्राह्मण, पण बोलणं शिवराळ, अंगावर छापखान्याचा घाम. ते काम शुद्ध तुपातल्या वाणीचा नट करता तर नाटक पडलं असतं. हातानं काम केलेला माणूस कसा बसतो, कसा खेकसतो, टाकलेल्या बायकांवर कशी मालकी गाजवतो, हे निळूभाऊंनी अंगानं दाखवलं. मराठी रंगभूमीच्या गुळगुळीत जिभेला तो मोठा दणका होता.

मग 'सामना'. जब्बार पटेलांचा हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळूभाऊ हिंदुराव पाटील, साखर कारखान्याचे धनी. हा पाटील ओरडत नाही. मिशीला पीळ देत नाही. दारुड्या मास्तराला पाहुणा करतो, पाजतो, कारखाना दाखवतो, कौतुकानं हसतो. सत्ता नेहमी काठी घेऊन येत नाही, पाठीवर हात ठेवूनही येते. हे आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी या एका नटाकडून शिकावं. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या वस्तीत असाच हात फिरतो की नाही?

पण माझं खरं भांडण इथंच आहे. मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय केलं? हा सवाल महाराष्ट्रात म्हणीसारखा झाला. लोकांनी दोघांना डोक्यावर घेतलं, सवाल करणारे लागू आणि उत्तर दडवणारे निळूभाऊ. आणि कांबळे? त्याचं नाव जितक्या वेळा ऐकू येतं, तितका माणूस दिसत नाही. आपण त्या गोष्टीत मेल्यावरच शिरतो. आपला न्यायसुद्धा दुसऱ्यानं मागायचा!

पुढे धंदेवाईक निर्मात्यांनी तर हिंदुरावचा साचाच केला. तोच पाटील, तोच सरपंच, तीच वाईट नजर. बाईवरची जबरदस्ती करमणूक झाली. निळूभाऊंनी ही कामं इतकी खरी केली की गावोगाव बाया त्यांना बोटं मोडायच्या म्हणतात. त्या बायांना कळलं होतं, पडद्यावर काय चाललंय ते. हसलो आपण, बाप्ये.

निळूभाऊ स्वतः तसे नव्हते. सेवा दल त्यांनी सोडलं नाही, अंधश्रद्धा निर्मूलनात उतरले, कार्यकर्त्यांसाठीच्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबले. १९७९ च्या 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू सगळं बघतो, आणि बघून बघून वेडा होतो. तो दिगू मला पन्नास पाटलांपेक्षा मोठा वाटतो. पण माणूस चांगला म्हणून साच्याला माफी नाही. नकार द्यायची ताकद नावाजलेल्या नटाकडे असते, ती त्यांनी आणखी वापरायला हवी होती.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. त्याआधी २००६ ला खैरलांजी झालं, नंतर २०१४ ला खर्डा. म्हणजे सवाल जिवंतच आहे. २०१३ च्या 'फँड्री'त जब्यानं स्वतः दगड उचलला, तेव्हा कुठं पडद्यावर आपला माणूस आपल्या वतीनं उभा राहिला.

निळूभाऊंनी वाड्याचा चेहरा हुबेहूब दाखवला. त्याबद्दल त्यांना जयभीम. कांबळेचा चेहरा दाखवणं त्यांचं काम नव्हतं, ते आपलं आहे. तेव्हा नक्कल पुरे झाली. पोरांनो, कांबळेचं नाटक लिहा. मेलेल्याचं नको, बोलणाऱ्याचं लिहा.