औषधाची मात्रा, मूत्रपिंड आणि मृत्यू : एका गुणोत्तराची चिकित्सा

रक्तात कॅन्डिडा हे यीस्ट शिरले की रुग्णाच्या जिवाला मोठा धोका असतो. फ्लुकोनाझोल पुरेसे पोहोचते आहे का, हे पाहण्यासाठी एक गुणोत्तर वापरतात. रक्तातील औषधाच्या २४ तासांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे एयूसी. त्याला त्या यीस्टची वाढ रोखणाऱ्या किमान संहतीने, म्हणजे एमआयसीने, भागायचे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. त्या नजरेने या गुणोत्तराकडे पाहू.

आधी गणित. दैनिक मात्रेला शरीराच्या क्लिअरन्सने भागले की एयूसी मिळतो. मात्रा ४०० मिलिग्रॅम आणि क्लिअरन्स ताशी सुमारे १ लिटर असेल, तर एयूसी साधारण ४०० येतो. एमआयसी लिटरला ४ मिलिग्रॅम असेल, तर गुणोत्तर १००.

उंदरांवरील प्रयोगांत तीच एकूण मात्रा एकदम दिली किंवा विभागून दिली, तरी परिणाम जवळपास सारखा राहिला. म्हणून एयूसी महत्त्वाचा ठरला. तिथे कोणत्या उंदराला किती औषध द्यायचे, हे प्रयोगकर्ता ठरवत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा.

२००८ मध्ये बॅडली आणि सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांच्या नोंदींवरून हे गुणोत्तर आणि मृत्यू यांचा संबंध तपासला. ‘प्रकृती सुधारली’ अशा सैल निकषाऐवजी त्यांनी मृत्यू मोजला, ही या अभ्यासाची जमेची बाजू. तरीही अशा अभ्यासांवर तीन आक्षेप राहतात.

पहिला, मूत्रपिंड. फ्लुकोनाझोल बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. मात्रा कमी केली नाही, तर मूत्रपिंडे निकामी होत असलेल्या रुग्णाचा एयूसी वाढतो. पण त्याच रुग्णाच्या मृत्यूची शक्यताही जास्त असते. त्यामुळे औषधाचा खरा फायदा आकडेवारीत झाकला जातो, कधी उलटाही दिसतो. उंदराचा एयूसी प्रयोगकर्त्याने ठरवला होता. रुग्णाचा एयूसी त्याच्या आजारानेही ठरतो.

दुसरा, छेद. एमआयसी दुप्पट-दुप्पट पायऱ्यांनी मोजतात : १, २, ४, ८. मोजमापात एका पायरीची चूक नेहमीची, आणि तेवढ्यानेही गुणोत्तर निम्मे किंवा दुप्पट होते. शिवाय जास्त एमआयसीची यीस्ट पुष्कळदा आधी औषधे घेतलेल्या, जास्त आजारी रुग्णांत सापडतात. मग मृत्यूशी जोडलेले काय, कमी औषध की जास्त आजार? नुसते गुणोत्तर पाहून हे कळत नाही.

तिसरा, सीमारेषा. बॅडलींच्या अभ्यासात ती निर्णयवृक्ष पद्धतीने त्याच ८४ रुग्णांतून शोधलेली आहे. ज्या आकड्यांवर मॉडेल बसवले, त्यांच्यावरच ते तपासले तर ते हुशार दिसणारच. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक आपण खपवून घेत नाही. इथेही घेऊ नये.

हा निव्वळ आकड्यांचा वाद नाही. सतत डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या शरीरातून फ्लुकोनाझोल झपाट्याने निघून जाते. ‘मूत्रपिंड निकामी, म्हणून मात्रा निम्मी’ हा सरसकट नियम लावला, तर त्याला औषध कमी पडते. याउलट कॅन्डिडा ऑरिसचे भारतातील बहुतेक नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. तिथे छेदच इतका मोठा असतो की मात्रा वाढवून हाती काही लागत नाही. औषधच बदलावे लागते.

मग चांगला अभ्यास कसा असावा? रक्तातील औषध प्रत्यक्ष मोजावे. एयूसी, एमआयसी, मूत्रपिंडाचे काम आणि आजाराची तीव्रता ही चार चले वेगवेगळी ठेवावीत. सीमारेषा दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णांवर तपासावी. गुणोत्तर टाकाऊ नाही, पण चार गोष्टी एका आकड्यात कोंबल्या की कशामुळे काय झाले हे हरवते.

स्वाध्याय : मात्रा तीच ठेवून क्लिअरन्स निम्मा करा आणि एमआयसी ४ वरून ८ करा. गुणोत्तर किती येते? दोन्ही रुग्ण सारखेच आजारी आहेत, असे त्यावरून म्हणता येईल का?