तारखेचा दोष

चिंचोटीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग कित्येक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ होता. पुढे देशभर फेरक्रमांकन झाले आणि तो ४८ झाला. रस्ता तोच, नाका तोच, मालट्रकांची रांगही तीच. फक्त पाटीवरचा आकडा बदलला. आकडा रस्त्याचा नसून मोजणाऱ्याचा असतो, हे इथे कोणालाही पटते. तारखेची गोष्ट निघाली की मात्र आपण हे विसरतो. अमुक तारीख वाईट, अमुक अंक शुभ, असे म्हणताना तो गुण त्या दिवसाच्या अंगातच असावा, असे आपण धरून चालतो.

आमच्याच तालुक्यातला एक दिवस घेऊ. चिमाजी अप्पांपुढे वसईच्या किल्ल्याने शरणागती पत्करली ती १६ मे १७३९ रोजी. ही पोर्तुगीजांची तारीख. ते १५८२ पासून ग्रेगरी पंचांग पाळत होते. खाडीपलीकडे मुंबईत इंग्रज अजून जुन्या पंचांगावर होते. त्यांच्या हिशेबाने त्या दिवशी ५ मे होती. इंग्रजांनी हे अकरा दिवसांचे अंतर थेट १७५२ साली मिटवले. मराठ्यांच्या लेखी शके १६६१ चालू होते, तर दप्तरातल्या अरबी सनानुसार 'तिसा सलासीन मया व अलफ', म्हणजे ११३९. सूर्य एकच उगवला, आकडे चार झाले. १६ या अंकात काही गूढ असते, तर ते अर्नाळ्यापासून मुंबईपर्यंतच्या एवढ्याशा पट्ट्यात तरी टिकायला हवे होते.

आता पानिपत घेऊ. लढाई १४ जानेवारी १७६१ची, याबद्दल वाद नाही. पण 'ऐन संक्रांतीला घात झाला' हे वाक्य व्याख्यानांतून आणि लेखांतून मी इतक्यांदा ऐकले-वाचले आहे, की एकदा हिशेब करून पाहावा असे वाटले. आपली मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली. ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, म्हणून सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आता ती अधूनमधून १५ला येते, ती त्यामुळेच. मागे जाऊन पाहिले तर स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेलो की संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे भाऊसाहेबांची फौज शेवटच्या लढाईला बाहेर पडली तेव्हा संक्रांत होऊन चार-पाच दिवस लोटले होते. आपल्या काळातली १४ तारखेची संक्रांत आपण १७६१वर नेऊन बसवली. 'संक्रांत येणे' या वाक्प्रचाराला पानिपताची गरजही नाही. संक्रांत ज्या वस्तू धारण करते त्या महागतात, ती ज्या दिशेला पाहते तिकडे संकट येते, हे पंचांगातले फळ त्याला पुरेसे आहे.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. मला तसा वाटत नाही. संक्रांतीला दोष दिला की बाकीचे प्रश्न गळून पडतात. अडीच महिने छावणी अडकून पडली, रसद तुटली, माणसे आणि जनावरे उपाशी राहिली, सोबत यात्रेकरू आणि कुटुंबकबिल्याचा भार होता. ही कारणे बोचरी आहेत, कारण त्यांत कोणाचे तरी निर्णय आहेत. तारखेला कोणी जाब विचारत नाही.

हेच आपण आजही करतो. '२६ तारीख भारताला लाभत नाही' ही यादी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल : २६ जानेवारी २००१ भूज, २६ डिसेंबर २००४ त्सुनामी, २६ जुलै २००५ मुंबईचा पूर, २६ नोव्हेंबर २००८चा हल्ला. यादी खरी आहे, पण ती निवडलेली आहे. किल्लारी ३० सप्टेंबरला हादरली, पानशेत १२ जुलैला फुटले, आणि आम्हा पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना जी संध्याकाळ विसरता येत नाही ती ११ जुलै २००६ची. ही नावे यादीत बसत नाहीत, म्हणून ती गाळली जातात. तीस डब्यांत साठ चेंडू डोळे मिटून टाका. प्रत्येकात दोन-दोन पडणार नाहीत, एखाद्यात पाच सहज सापडतील. त्या डब्यात चुंबक नसते.

मग तारखांना अर्थच नसतो का? असतो, पण तो माणसांनी ठेवलेला असतो. २६ जानेवारी १९३० रोजी देशाने पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली. संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबर १९४९ला, पण ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी त्या जुन्या प्रतिज्ञेचा दिवस मुद्दाम निवडला. हा अर्थ उघड आहे. तो कोणी, केव्हा, का दिला हे सांगता येते. अशुभ म्हणून बदनाम झालेल्या त्याच अंकावर आपले प्रजासत्ताक उभे आहे.

दुःखाला खुंटी लागते, हे मी समजू शकतो. श्राद्धाची तिथी असो, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरची वर्षाची मिस्सा असो वा उरूस, तारीख आठवण धरून ठेवते. ते तिचे काम आहे. कारण सांगणे हे तिचे काम नाही. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आभाळाचे. मिठीचे पात्र आवळले गेले होते, हे आपले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा तारीख २६ नव्हती. भरलेल्या मिठागरांना आणि बुजलेल्या नाल्यांना तारीख बघावी लागत नाही.