क्लायटेम्नेस्ट्राचा राग आणि आपल्या कथांतल्या आया

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात ग्रीक देव आणि वीर येतात, ते बहुधा ॲरिस्टॉटलचे बोट धरून. विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७९ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणले. ही दोन्ही कामे मोलाची आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत त्यातून काय उतरते? शोकात्मिकेची व्याख्या, कॅथार्सिस आणि नायकाचा प्रमाद. व्याख्या पाठ होते, कथा मात्र माहीत नसते.

ही अवस्था नवी नाही. अरबी परंपरेने ग्रीकांचे वैद्यक, गणित आणि तर्कशास्त्र मोठ्या कष्टाने आपलेसे केले. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता याने ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र सिरियाकमधून अरबीत आणले. बाराव्या शतकात कोर्दोबाच्या इब्न रुश्दने त्यावर भाष्य लिहिले. पण त्याच्यासमोर ग्रीक नाटके नव्हती. म्हणून त्याने शोकात्मिकेचा अर्थ लावला स्तुतिकाव्य आणि सुखात्मिकेचा निंदाकाव्य. एवढा मोठा बुद्धिमंत, पण कथेवाचून सिद्धांत हाती आला की काय होते, याचे तो उदाहरण ठरला. होमरचे 'इलियड' संपूर्ण अरबीत आले ते १९०४ साली, सुलेमान अल-बुस्तानी यांच्या अनुवादातून.

येथे कोणी विचारील की, तौहीद मानणाऱ्या माणसाने या अनेक देवांच्या भानगडी वाचाव्यातच कशाला? याचे उत्तर अकराव्या शतकात अल-बिरूनीने देऊन ठेवले आहे. 'किताबुल हिंद' लिहिताना भारतीयांच्या देवकथा समजावून सांगण्यासाठी त्याने ग्रीकांच्या झ्यूसच्या कथा शेजारी ठेवल्या. त्या कथांवर त्याची श्रद्धा नव्हती आणि त्यांची टवाळी करण्याचीही त्याला गरज वाटली नाही. दुसऱ्याचे समजून घ्यायचे असेल तर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडावे, एवढीच त्याची शिस्त होती. आपल्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी महाभारताकडे असेच पाहिले. पोथीला हात जोडून बाजूला न ठेवता त्यांनी तिच्यातल्या माणसांना प्रश्न विचारले. हीच दृष्टी घेऊन मला एका ग्रीक कथेकडे यायचे आहे.

ट्रॉयवर निघालेले ग्रीकांचे आरमार ऑलिसच्या बंदरात अडकून पडते. अर्टेमिस देवी कोपलेली आहे. सेनापती ॲगामेम्नॉनने आपली मुलगी इफिजिनिया बळी दिली तरच आरमाराची वाट मोकळी होणार आहे. तो तिला निरोप पाठवतो की, तुझे लग्न अकिलीसशी ठरले आहे. आई क्लायटेम्नेस्ट्रा मुलीला नवरी म्हणून घेऊन येते. इस्किलसच्या नाटकात (इ. स. पू. ४५८) असे येते की, मुलीच्या तोंडून घराण्याला शाप निघू नये म्हणून तिचे तोंड बांधले जाते. पुढे युरिपिडीसच्या नाटकात ऐन वेळी वेदीवर मुलीऐवजी हरिणी आढळते.

ही कथा प्रथम वाचली तेव्हा मी दचकलो. नांदेडच्या इतवाऱ्यात बकरी ईदच्या आदल्या रात्री नानी दखनीतून जो किस्सा सांगत असे, त्याची आठवण होणे अपरिहार्य होते. एक आमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि दुसरी परक्यांची पुराणकथा, हे मी विसरत नाही. पण कथन म्हणून दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. कुरआनमधील इब्राहीम आपले स्वप्न मुलाला सांगतात आणि त्याचे मत विचारतात. ॲगामेम्नॉन मुलीला फसवतो. एकीकडे मुलाला बोलू दिले जाते, दुसरीकडे मुलीचे तोंड बांधले जाते. शिवाय ग्रीकांना मुलीच्या बदल्यात हवी आहे ती लढाईची वाट.

मग आईचे काय? येथे ग्रीक कथा आपल्यापेक्षा वेगळ्या रस्त्याने जाते. क्लायटेम्नेस्ट्रा विसरत नाही. दहा वर्षांनी विजयी नवरा घरी येतो तेव्हा ती त्याला ठार मारते. तिच्या हातात कुऱ्हाड आहे, शेजारी प्रियकर आहे आणि मनात सत्तेची ओढही आहे. इस्किलस तिला देवी करीत नाही. पण तिचा युक्तिवाद तो पूर्ण ऐकू देतो. माझी मुलगी मारली तेव्हा तुम्ही कुठे होतात, हा तिचा नगरवृद्धांना प्रश्न आहे आणि त्यांच्याकडे त्याचे उत्तर नाही.

आपल्या मातीत अशी आई शोधू लागलो तर लातूर भागात घरोघरी ऐकू येणारी चिलयाची कथा आठवते. शिवलीलामृतामुळे ती मराठीत सर्वत्र पोचली. अतिथीच्या हट्टापायी श्रियाळ आणि चांगुणा पोटचा मुलगा रांधतात. त्याचे मस्तक उखळात घालून कांडताना चांगुणेला गाणे म्हणावे लागते. शेवटी मूल परत मिळते. तिचे रडणे मात्र सत्त्वपरीक्षेत गडप होते, कारण डोळ्यांत पाणी आले तर परीक्षा नापास.

लातूरजवळचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेच प्राचीन तगर, ज्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक असलेल्या या गावाने क्लायटेम्नेस्ट्रेच्या सर्वांत जवळची मराठी बाई दिली, असे मला वाटते. नामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायांखाली त्यांचे तान्हे मूल चिखलात तुडवले जाते. त्यांची बायको संती रागाने पेटते. ती विठ्ठलाला दूषणे देते आणि पुढे नवऱ्याला त्याच विठ्ठलाची शपथ घालते की, मला शिवायचे नाही. पुढची सारी कथा या शपथेवर चालते. येथेही अखेर मूल परत मिळते आणि राग शांत होतो. तरी संतपरंपरेने तो राग लपवला नाही, हे महत्त्वाचे आहे.

आणि आमच्या परंपरेतल्या हाजरा? तहानेल्या बाळासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या. त्या धावण्याला हजच्या विधीत जागा मिळाली. आज लाखो पुरुष एका आईच्या तगमगीच्या वाटेने चालतात. इतका मोठा मान दुसऱ्या कुठल्या आईला मिळाला असेल असे वाटत नाही. पण हाजरा काय बोलल्या असतील, हे आमच्या साहित्याने कधी विचारले का?

ग्रीकांनी तरी शेवटी काय केले? आईला मारणाऱ्या ओरेस्टिसचा खटला अथेन्समध्ये चालतो. अपोलो म्हणतो, खरा जन्मदाता बापच, आई फक्त बीज सांभाळते. मते समसमान पडतात आणि अथीनाच्या मताने ओरेस्टिस सुटतो. बीज आणि शेत यांची ही भाषा मनुस्मृतीतही आहे. ती कुठल्या एका समाजाची मिरास नाही, आणि आपणही छातीवर हात ठेवून स्वतःला त्यातून वगळू नये. अथेन्सने आईला हरवले. पण हरवण्याआधी भरल्या रंगमंडलात तिचे म्हणणे ऐकले.

मुस्लिम मराठी साहित्यात आई पुष्कळ आली आहे. बहुतेक वेळा ती सोशीक आहे, दुवा देणारी आहे, पदराने डोळे पुसणारी आहे. तलाकच्या कागदासमोर किंवा दंगलीत गेलेल्या मुलाच्या मयतीजवळ बसलेली आई काय बोलते, ते पुरे ऐकण्याआधीच आमची कथा तिला सब्र करायला लावते. सब्र मोठा गुण आहे, पण तो ऐकण्याला पर्याय नव्हे. ग्रीक मिथकांतून झ्यूस आणि हेराक्लीसची नावे उचलून कवितेत पेरण्याने काही साधणार नाही. घ्यायचे असेल तर एवढेच घ्यावे की, चुकीच्या, रागावलेल्या, हरणार असलेल्या बाईलाही तिचे वाक्य पुरे करू द्यावे.

नानीचा किस्सा मी आता माझ्या नातीला सांगतो. गेल्या वर्षी तिने विचारले, "मग अम्मी कुठे होती?" मला उत्तर देता आले नाही. ते आपल्या लेखकांनी, विशेषतः लेखिकांनी, लिहावे.