खर्ड्याच्या लढाईचें डफकृत वर्णन

कॅप्टन ग्रांट डफ याच्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासाचें ऋण आम्हांस मान्य आहे. तथापि ऋण मानणें निराळें व प्रत्येक निर्णय शिरसावंद्य मानणें निराळें. कै. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं या ग्रंथावर टीका करून जो मार्ग घालून दिला, त्याच मार्गानें त्यांतील खर्ड्याच्या प्रकरणाचा विचार येथें करूं.

११ मार्च १७९५ रोजीं परिंडा व खर्डें यांच्या दरम्यान पेशवे व निजामअल्ली यांच्या फौजांची गांठ पडली. डफच्या कथनाचा सारांश असा : रात्रीं घोड्यांसाठीं पाणी शोधीत निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी ओढ्याकाठीं मोंगलांच्या दृष्टीस पडली, गोळीबार झाला, सर्व छावणींत घबराट पसरली व निजामानें खर्ड्याच्या गढीचा आश्रय केला. हें वाचून मराठ्यांचा जय काकतालीय न्यायानेंच झाला, असा वाचकाचा ग्रह होतो.

घबराट झाली हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घबराट हें पळापळीचें कारण होय, शरणागतीचें नव्हे. दोहीं पक्षांकडील मनुष्यनाश अल्पच होता. रेमंडाचीं कवायती पलटणेंहि नष्ट झालीं नव्हतीं. मग निजाम पुन्हां उभा कां राहिला नाहीं? याचें उत्तर स्थळांत आहे. निंबाळकरांची ही गढी तटबुरुजांनीं भक्कम खरी, पण ती एका सरदाराच्या शिबंदीपुरती. राज्याच्या फौजेपुरती नव्हे. बाहेर परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हुकमतीखालील फौजेचा वेढा व तोफांचा मारा. आंत दाणा, वैरण व पाणी यांची टंचाई. ज्या तटानें रक्षण करावें, त्यानेंच कोंडून धरिलें. ओढ्याकाठची चकमक हें निमित्तकारण मात्र. उपादानकारण ही गढी होय.

तहाचीं कलमेंहि हेंच सुचवितात. दौलताबादेसह परिंड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख, तीन कोट रुपये, आणि दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन, एवढें मोल एका रात्रीच्या भीतीचें असूं शकत नाहीं. पुढें २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव निवर्तले व गादीच्या तंट्यांत हा लाभ हातचा गेला, ही गोष्ट वेगळी. फळ टिकलें नाहीं म्हणून तें दैवानें पडलें होतें, असें ठरत नाहीं.

या मताची खरी परीक्षा रसदेच्या कागदांनीं होईल. आमचे संग्राहक बंधु वीरश्रीचीं पत्रें प्रेमानें जतन करितात. वैरण, बैल व पखाली यांचे हिशेब मात्र रद्दींत जातात. ज्यांच्या रुमालांत या स्वारीचे असे मोडी बंद असतील, त्यांनीं ते क्षुद्र समजून टाकूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे. लढाईचा निकाल पुष्कळदां त्यांतच लिहिलेला असतो.